विषय क्रमांक सात : मायची कवळी

सोसायटीचा सेक्रेटरी म्हणून मी सगळी हयात काढली. एवढ्या वर्षांत माझ्यावर कधी चौकशी लागली नाही, दफ्तरात अपहार निघाला नाही, आणि ऑडिटर तर म्हणायचे की किर्द लिहावी या माणसानंच. अविश्वास ठराव तेवढा एकदा पास झाला. तो आमच्याच घरात झाला, चुलीपुढं, आणि मांडणारी माझी बायको होती. आज हसत सांगतोय, पण त्या दिवशी माझं टाळकं असं सरकलं होतं की मी चपला न घालताच घराबाहेर पडलो होतो.

सोसायटी म्हणजे गावची पीककर्जाची संस्था. शेतकऱ्याला कर्ज द्यायचं, सुगी झाली की ते वसूल करायचं, आणि वसूल होईल त्यातून सेक्रेटरीचा पगार निघायचा. आमचं गाव तलवाड्याच्या अंगाला. पावसानं सलग दुसऱ्या वर्षी दगा दिला होता. माजलगावच्या धरणाचा तळ उघडा पडला, ऊस उभ्या जागी वाळला, आणि अर्धं गाव कोयते घेऊन परमुलखात ऊसतोडीला गेलं. राहिलेल्यांच्या दारात वसुलीला गेलो तर घरधनीच मला विचारायचा, "सेक्रेटरी, टँकर कधी येणार हाय?" जसा काय टँकर मी खिशात घालूनच फिरत होतो. वसुली नाही म्हणून पगार नाही. पाच महिने मला एक दमडी मिळाली नव्हती.

दुसऱ्याची थकबाकी लिहिणारा मी आता स्वतः थकबाकीदार झालो होतो. किराणा उधारीवर, पाण्याचे ड्रम उधारीवर, पोरांची फी बाकी, पतसंस्थेत मोटारसायकलचे हप्ते तुंबलेले. किराणा दुकानवाले चाचा मोठे गोड माणूस होते. मी दुकानासमोरून मान खाली घालून निघालो की ते आतून म्हणायचे, "सलाम सेक्रेटरीसाब. रोज वही उघडली की पैलं दर्शन तुमचंच होतं." असल्या गोड बोलण्यानं माणूस जास्त मरतो. त्यापेक्षा शिव्या परवडल्या.

पण खरी गोष्ट मायची होती. ती तेव्हा सत्तरीच्या पुढं. उरलेल्या दोन दाढा त्या उन्हाळ्यात पडल्या आणि तिचं तोंड साफ रिकामं झालं. भाकर दुधात कुस्करायची आणि गिळायची, एवढंच तिचं जेवण. आमची गाय चाऱ्यापायी छावणीत नेऊन बांधली होती, तिथं ती आटली, त्यामुळं दूध विकतचं. मायच्या वाट्याला दोन वेळेला मिळून एक फुलपात्र यायचं. भाजी चावता येईना, शेंगा नाहीत, हरभरा नाही. तिचं झंपर तिच्या अंगावर खुंटीवर टांगल्यासारखं दिसायला लागलं. बायको तिला माजलगावला दातांच्या डॉक्टरकडं घेऊन गेलती. डॉक्टरांनी सांगितलं की आजींना कवळी बसवा, नुसत्या गिळण्यानं अन्न अंगी लागत नाही, असंच चाललं तर पुढचा उन्हाळा निघणं अवघड आहे. खर्च साडेतीन हजार.

अशात दसऱ्याच्या सुमाराला दोन महिन्यांचा पगार एकदम जमा झाला. मी नोटा घरी आणून देवापुढं ठेवल्या. बायको नोटांकडं बघत म्हणाली, "आवं, हे हातात राहणार न्हाईत. एकदा बसून ठरवू, कुणाचं आधी द्यायचं, कुणाचं मागून. आत्याबाईच्या दाताचं पैलं बघू." आत्याबाई म्हणजे माझी माय. म्हणणं साधं होतं. एखाद्या सरळ माणसानं जुन्या कॅलेंडरच्या मागं चार ओळी लिहून ते मिटवलं असतं. पण मी पडलो सेक्रेटरी. मी म्हणालो, "असं कसं? रीतसर सभा घेऊ."

आणि मी ती खरंच घेतली, हो. तीन दिवस आधी दाराच्या आतल्या बाजूला नोटीस डकवली. दोनशे पानी नवी वही आणून तिच्यावर लाल शाईनं 'प्रोसिडिंग' असं लिहिलं. अध्यक्ष माय, खजिनदार बायको, सचिव मी. पोरं दोन, पण वयानं अज्ञान, म्हणून त्यांना नाममात्र सभासद करून घेतलं; बसायचं, मत द्यायचं नाही. धाकट्यानं विचारलं, "सभेत चिवडा असतो का?" गावातल्या सभेला चिवडा असतो, त्याशिवाय कोरम होत नाही, हे त्याला ठाऊक होतं. बायको म्हणाली, "चिवड्याचा खर्च कोणत्या विषयात टाकू?" तिथंच मला कळायला पाहिजे होतं की ही बाई कारभारात कच्ची नाही.

मायला अध्यक्ष मी मुद्दाम केलं होतं. घरात वडीलधारी तीच आणि मान तिचाच, हे झालं बाहेर सांगायला. आतली गोष्ट अशी की मत फुटलं तर ती माझ्याच बाजूला पडणार, याची मला खात्री होती. ती म्हणाली, "मला काय कळतंय बाबा त्यातलं?" मी म्हणालो, "माय, अध्यक्षाला काय कळावं लागत न्हाई." हे मात्र मी अनुभवावरून बोललो होतो.

आता आमच्या कामाची एक पद्धत सांगितली पाहिजे, नाहीतर पुढचं कळायचं नाही. आमच्याकडं सभा ही नंतरची गोष्ट. आधी सेक्रेटरी प्रोसिडिंग लिहून काढतो. विषय, चर्चा, सूचक, अनुमोदक, 'सर्वानुमते मंजूर', सगळं. मग सभा भरते, चहा होतो, कुणी पावसाचं बोलतं, कुणी पोरीच्या सोयरिकीचं, आणि उठताना ज्याला येते तो सही करतो, येत नाही तो अंगठा देतो. त्यात मला कधी वावगं वाटलं नाही. सगळीकडं असंच चालायचं. मी सवयीनं घरच्या सभेचं प्रोसिडिंगसुद्धा आदल्या दिवशीच ऑफिसात बसून लिहून टाकलं.

अग्रक्रम मी लावला होता. पहिला मोटारसायकलचा हप्ता. का? तर सेक्रेटरी पायी वसुलीला गेला तर त्याला कुणी सतरंजीसुद्धा टाकत नाही. दुसरा भाच्याच्या लग्नाचा आहेर. मी सख्खा मामा. मामाचा मान झाला नाही तर बहीण मंडपात कुणाला तोंड दाखवणार? तिसरा किराणा, थोडाथोडा. चौथं पाणी, पाचवी फी. सहावा विषय दुधाचा : काटकसर म्हणून निम्मं करावं. आणि सातवा विषय कवळीचा. तो तहकूब. लिहिताना मला काही टोचलं नाही, हे आता सांगायला लाज वाटते. कारण दुष्काळ होता, आणि दुष्काळ म्हटलं की आमच्या वहीत सगळंच तहकूब व्हायचं.

सभा सुरू झाली. मी उभा राहून स्वागत केलं. बायको म्हणाली, "खाली बसून बोला, भांडी पडतील." पहिल्या विषयावरच आमची जुंपली. ती म्हणे मोटारसायकल महिनाभर उभी राहिली तर काही मरत नाही, आणि मी तिला सहकार समजावून सांगत होतो. एवढ्यात वेशीवर टँकरचा हॉर्न वाजला. झालं. खजिनदार घागर घेऊन पळाली, नाममात्र सभासद कळशा घेऊन पळाले, आणि सभेत उरलो अध्यक्ष आणि सचिव. खरं तर मीही पळायला पाहिजे होतं. दोन बादल्या माझ्याही वाटणीच्या होत्या. पण माझ्या डोळ्यांपुढं कोरी जागा होती, अध्यक्षाच्या सहीची. मी शाईची डबी काढली आणि वही मायपुढं धरली.

माय म्हणाली, "कोणता देऊ, डावा का उजवा?"

एवढंच विचारलं तिनं. मी म्हणालो, "डावा." तिनं अंगठा दाबला आणि शाई पदराला पुसली. बायको दोन घागरी घेऊन घामाघूम परत आली तेव्हा मी वही बंद करून सांगितलं, "ठराव झाला. सर्वानुमते."

पुढचा महिना मी ऐटीत कारभार केला. पतसंस्थेत हप्ता भरला आणि पावती खिशात ठेवून गावभर फिरलो. भाच्याच्या लग्नात नवरदेवाला सफारी, बहिणीला भारी लुगडं, मेहुण्याला टोपी-टॉवेल. मंडपात माझं नाव पुकारलं तेव्हा छाती फुगली. चाचाला थोडे पैसे दिले. ते नोटा मोजून म्हणाले, "सेक्रेटरीसाब, वसुलीला गेल्यावर तुमी लोकांकडून एवढंच घेता का?" मी हसल्यासारखं केलं आणि निघालो.

घरात दूध निम्मं झालं. माय भाकर चहात बुडवायला लागली. मग साखर कमी पडायला लागली तसं वरणाच्या पाण्यात. तेही नसलं की साध्या पाण्यात, मीठ घालून. बायको काही बोलायला लागली की मी म्हणायचो, "सभेत ठरलंय." ती ओठ आवळून भाकरी थापायची. थापण्याचा आवाज मात्र शेजारी ऐकू जाईल एवढा व्हायचा. मायला मी एकदा विचारलं, "जेवलीस का?" ती म्हणाली, "लई झालं." खोटं बोलत होती. मला दिसत होतं, आणि मी दुसरीकडं बघत होतो.

दुसऱ्या महिन्याला सभा लावली. खर्च पगाराच्या पुढं गेला होता आणि शिलकीत फक्त एकच विषय होता, तोही तहकूब. मी घसा खाकरून म्हणालो, "विषय पहिला : मागील सभेचं इतिवृत्त वाचलं असं समजून कायम करणे."

"समजून कशाला?" बायको म्हणाली. "वाचा की."

"तशी पद्धत न्हाई."

"लिहिलंय तर वाचा. न्हाईतर द्या इकडं, मला सातवीपर्यंत वाचायला शिकवलंय."

आणि तिनं वही ओढून घेतली. आयुष्यात माझं प्रोसिडिंग कुणी मोठ्यानं वाचलं नव्हतं. ऐकताना मला माझीच भाषा ओळखू येईना. मोटारसायकल, आहेर, किराणा, सगळं झालं, आणि ती शेवटच्या विषयावर आली. एकेका शब्दावर थांबून तिनं वाचलं : "विषय क्रमांक सात, मायची कवळी. सदर विषयावर सखोल चर्चा होऊन, दुष्काळी परिस्थिती विचारात घेता सदर विषय पुढील आदेश होईपर्यंत तहकूब करण्यात येत आहे. मा. अध्यक्षांनी स्वतः त्यास संमती दिली."

चूल धुमसत होती. कुणी फुंकर घालेना.

"सखोल चर्चा कधी झाली?" बायकोनं विचारलं. "मी तर टँकरच्या नळीपाशी भांडत होते. आणि पुढील आदेश कुणाचा? तुमचा, का यमाचा?"

मी म्हणालो, "तोंड सांभाळून बोल." पण माझ्या आवाजात जोर नव्हता. मायनं वही मागितली. तिला अक्षर येत नव्हतं. तिनं वही डोळ्यांजवळ नेली, मग लांब धरली, आणि ठशावर बोट ठेवलं. "ह्यो माझा हाय?"

"हो," मी म्हणालो.

"मग कायम करा," माय म्हणाली. "अंगठा दिलाय तर दिलाय."

मला वाटलं, सुटलो. खरंच तसं वाटलं, आणि त्याचा मला अजून राग येतो. पण बायको कसली ऐकते. ती पदर खोचून उभी राहिली आणि म्हणाली, "आता ऐनवेळचा विषय माझा. या सेक्रेटरीवर माझा विश्वास न्हाई. पैसा यांच्या हातात नको. लिहा." आणि ती खरोखर पेन पुढं करून माझ्याकडं बघत राहिली. स्वतःवरचा अविश्वास ठराव स्वतःच्या हातानं लिहिणारा सेक्रेटरी आमच्या तालुक्यात मी एकटाच असेन. ठरावाच्या बाजूनं एक मत, विरोधात एक, म्हणजे माझं. आता अध्यक्ष. नाममात्र सभासद टक लावून आजीकडं बघत होते. मी निवांत होतो. माय माझ्या विरोधात जाणं शक्यच नव्हतं. शाळेत मास्तरनं मारलं तेव्हा मास्तरला जाब विचारायला गेलेली बाई ती.

मायनं हात वर केला. कोणत्या बाजूनं, हे कळावं म्हणून तो बायकोच्या खांद्यावर ठेवला.

"तू रागावू नको," ती मला म्हणाली. "तुझं अक्षर चांगलं हाय. लिहायचं काम तुझ्याकडंच राहू दे. पैसा हिच्याकडं."

मी ताडकन उठलो आणि अनवाणी बाहेर पडलो. ऑफिसात जाऊन बसलो, कुलूप आतून लावलं आणि उगाच जुनी खतावणी काढून बेरजा केल्या. सगळ्या बरोबर निघाल्या. भूक लागल्यावर घरी आलो. ताट वाढलेलं होतं.

बायकोच्या कारभारात सभा नव्हती. तिनं कॅलेंडरचं एक पान फाडून मागं पाच ओळी लिहिल्या : दात, दूध, किराणा, पाणी, फी. आहेर गेला तो गेला, परत मागता येत नाही म्हणून सोडला. मोटारसायकलला तर ओळसुद्धा नव्हती. पुढचा अडकलेला पगार आला तसे त्यातले साडेतीन हजार तिनं आधी बाजूला काढले आणि कंबरेच्या पिशवीत खोचले. ती पिशवी ती झोपतानासुद्धा काढत नव्हती, माझ्या भीतीनं. चाचाकडं ती स्वतः गेली आणि म्हणाली, "या महिन्यात कमी देते, पुढच्या महिन्यात अमुक देते, तारीख लिहून घ्या." चाचांनी लिहून घेतली नाही. म्हणाले, "भाभी, तुमी आलात, झालं काम."

मग पतसंस्थेचा वसुलीवाला माझ्या मागं लागला. पोरगेला होता, पण पक्का. सकाळी सातला दारात उभा. मीच शेकडो दारांत बोललेली वाक्यं तो मला ऐकवायचा : "काका, आमची नोकरी आहे." "काका, निदान व्याज तरी." एकदा मी त्याचा आवाज ऐकून गोठ्यात जाऊन बसलो आणि पोरांना सांगितलं, घरी नाहीत म्हणा. पोरांनी म्हटलंसुद्धा. पण ओट्यावर माय बसली होती. ती म्हणाली, "हाय की. गोठ्यात गेलाय." गाय नसलेल्या गोठ्यात मी काय करत होतो, हे मला त्या पोराला पटवून देता आलं नाही. महिन्याभरानं पतसंस्थेचे लोक मोटारसायकल घेऊन गेले. मी पायी वसुलीला जायला लागलो. लोक पाणी द्यायचे, बसवायचे. सतरंजी पहिल्यापेक्षा लवकर टाकायचे, हे मी बायकोला मात्र सांगितलं नाही.

कवळीसाठी माजलगावला तीन खेपा झाल्या, एसटीनं. पहिल्या खेपेला माप. डॉक्टरांनी तोंडात काहीतरी लगदा घातला आणि पाच मिनिटं बोलू नका म्हणाले. मायनं हातवारे करून सांगितलं की पाचाची दहा झाली. दुसऱ्या खेपेला नुसती घालून बघायची. तिनं आरशात बघितलं आणि काढून ठेवली. "लई पांढरी हायती. या वयात लोक काय म्हणतील?" डॉक्टर म्हणाले, "आजी, पिवळी करून देऊ का?" माय म्हणाली, "थोडी." तिसऱ्या खेपेला ती घालूनच घरी आली. एसटीत सगळा रस्ता तिनं तोंड मिटून ठेवलं होतं, वारा लागून पडेल म्हणून.

बायकोनं तव्यावरची भाकर वाढली, कडक पापुद्र्याची, आणि शेंगदाण्याची चटणी. दूध मुद्दाम वाढलं नाही. आम्ही सगळे आपापली ताटं घेऊन तिच्याभोवती बसलो. मायनं तुकडा मोडला, तोंडात घातला आणि चावला. त्याचा आवाज आला. आमच्या घरात वर्षभर तो आवाज नव्हता, हे मला तेव्हा कळलं. ती बराच वेळ चावत राहिली, गिळायला तयारच होईना. मग बायकोला म्हणाली, "चटणीत मीठ कमी हाय." बायकोनं पदर तोंडाला लावला आणि हसायला लागली, आणि हसता हसता रडली.

मला राहवलं नाही. मी विचारलं, "माय, त्या दिवशी अंगठा देताना तू विचारलं का न्हाईस, कागदावर काय लिहिलंय ते?"

ती दुसरा तुकडा मोडत होती. हात थांबला नाही.

"लेकाला कुणी इचारतं का तसं?" ती म्हणाली, आणि तो तुकडा तोंडात घातला.

माझ्या तोंडात घास होता. माझे बत्तीसच्या बत्तीस दात शाबूत होते, पण तो घास मला काही केल्या चावेना.